जपून ठेवलेला डोळा

परमेश्वर कुणाला सेवेसाठी लेकरू देतो, कुणाला अंथरुणाला खिळलेला बाप देतो, कुणाला चार वाफ्यांची बाग देतो. वैद्यबाईंना त्याने एक नाडी दिली. आणि ती ठेवली अशा ठिकाणी, की जिथे बोट पोहोचत नाही, हाक पोहोचत नाही, आणि जिथून निघालेला उजेड इथवर येईतो माणसांच्या पिढ्यांमागून पिढ्या उठून जातात.

बाई वैद्य नव्हत्या. एका उपग्रहाच्या नियंत्रण कक्षात आज्ञा धाडण्याचे काम त्या करीत. तो उपग्रह म्हणजे आकाशात फिरती दुर्बीण. पण आपल्या डोळ्यांना दिसणारा उजेड ती पाहत नसे. ती पाहत असे क्ष-किरण, हाडांचा फोटो काढायला लागतात तेच. ताऱ्यांकडून येणारे हे किरण हवेतून खाली उतरत नाहीत, म्हणून दुर्बिणीलाच वर जावे लागते. पृथ्वीभोवती घिरट्या घालीत ती दिवसातून काही वेळा कक्षाच्या डोक्यावरून जाई, आणि प्रत्येक फेरीत, कपातला चहा निवायला लागतो तेवढाच वेळ तिच्याशी बोलता येई. तेवढ्यात तिने पाहिलेले सारे उतरवून घ्यायचे. तेवढ्यात पुढच्या आज्ञा द्यायच्या. मग ती क्षितिजाखाली जाई, आणि इकडे उरे ते वाट पाहणे.

कक्ष म्हणजे एक लांबट, बुटका हॉल. गालिचा खुर्च्यांच्या चाकांनी दोन ठिकाणी पार झिजलेला. खिडकीतून बाहेरची मोठी पांढरी तबकडी दिसे, तिच्या कडेवर कबुतरे बसत, आणि उपग्रह उगवला की तबकडी हळूच मान वळवी तेव्हा ती नाराज होऊन उडत. बाईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसत पडसाद. हे काही आईबापांनी ठेवलेले नाव नव्हे. कक्षाचा नियमच असा होता, की आज्ञा एकट्याने धाडायची नाही. एकाने ती मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने ती जशीच्या तशी म्हणायची, आणि दोन्ही सारखी ठरली तरच बटण दाबायचे. म्हणण्याचे काम या उंच, शांत गृहस्थांनी इतकी वर्षे केले होते, की घरी बायकोने भाजी आणायला सांगितली तरी ते आधी सारी यादी परत म्हणून दाखवीत, असे कक्षात बोलले जाई. ते स्वतःही हे नाकारीत नसत.

आता त्या नाडीची गोष्ट. ती नीट ऐकावी, कारण तिच्याविना बाईंचे दुःख उमगणार नाही.

आकाशात कितीतरी तारे जोडीने राहतात. बाईंची जोडी त्यांतलीच. एक थोरली: सूर्याच्या कित्येक पट वजनाची, निळी, प्रखर, आणि स्वतःभोवती अशा वेगाने गरगरणारी की तिच्या कमरेपासून वायू निसटतो आणि तिच्याभोवती चकतीसारखा पसरून राहतो. दुसरी धाकटी: एखाद्या शहरात मावेल एवढी चिमुकली, अंगाने अंधारी, आणि वजनाने मात्र सूर्याहून भारी. तिला न्यूट्रॉन तारा म्हणतात. तारा जळून संपला, कोसळला, आणि कोसळता कोसळता जे उरले ते हे. पण विधात्याचे लाघव असे, की ही धाकटी मूळची धाकटी नव्हेच. एके काळी हीच मोठी होती, हीच भरलेली होती, आणि फुगता फुगता हिनेच आपले अंग शेजारणीच्या ओटीत ओतले. देता देता ही रिती झाली, फुटली, विझली. घेणारी थोर झाली. आता ती रिती एका लांबट वाटेने घेणारीभोवती फिरते. दूर जाते, पुन्हा जवळ येते. आणि जवळ आली की त्या वायूच्या चकतीत शिरून स्वतःचेच दिलेले ओंजळीने परत घेते. घेतलेला वायू तिच्या चुंबकाच्या ओढीने दोन टोकांवर कोसळतो, कोसळताना तापतो, तापताना क्ष-किरणांनी पेटतो. ती फिरत असते, म्हणून तो उजेड आपल्याकडे वळतो, दूर जातो, पुन्हा वळतो. ठोका, विराम, ठोका. हीच ती नाडी.

हे ठोके पडद्यावर उमटू लागले की बाई खुर्ची पुढे ओढीत आणि मनगटावर ठेवावीत तशी दोन बोटे पडद्यावर ठेवीत. नोकरीच्या पहिल्या वर्षात कुणीतरी ते पाहिले आणि त्या दिवसापासून त्या वैद्यबाई झाल्या.

घरी सासूबाईंना या पेशंटचे मोठे कौतुक. "फी देत नाही," त्या गॅलरीत बसून लोकर गुंडाळत म्हणत, "बरी होत नाही, मरतही नाही. असा पेशंट नशीबवान वैद्यालाच मिळतो. आमच्या सूनबाईंचं बरं चाललंय."

"तुम्ही तिला एकदा बघा तरी, आई."

"बघू काय? तूच म्हणतेस दिसत नाही म्हणून. न दिसणाऱ्या बाईची नाडी बघायला जातेस, आणि मी दिसते तर विचारत नाहीस गुडघा कसा आहे ते."

"कसा आहे गुडघा?"

"आता विचारलंस ना, म्हणून दुखायला लागला."

नाडीही नेहमी लागत नसे. थोरलीच्या कमरेची चकती कधी विरून जाई, आणि मग धाकटी जवळून गेली तरी तिच्या हाती काही लागत नसे. अशी ती वर्षानुवर्षे मुकी राही. बाईंनी तिचा मोठा भडका एकदाच पाहिला होता, अगदी आरंभीच्या काळात. आणि त्या भडक्यानेच त्यांच्या मनात कायमची भीती घातली.

कारण दुर्बिणीचे डोळे नाजूक होते. डोळे म्हणजे वायू कोंडलेल्या पेट्या; आत केसाहून बारीक तारा, आणि तारांवर विजेचा मोठा दाब. क्ष-किरण आत शिरला की वायूत इवलीशी खळबळ उडे आणि तार ती टिपून घेई. पण किरणांचा पूर आला तर तारांवर खरीच ठिणगी पडण्याचा धोका असे, आणि ठिणगी पडली की पेटी कायमची आंधळी. त्या पहिल्या भडक्यात अशी एक पेटी बाईंच्या देखत गेली. एका फेरीत ती पाहत होती, पुढच्या फेरीत तिच्याकडून नुसती कोरी ओळ आली. वर हात नाही, शिडी नाही, दुरुस्तीवाला नाही. बाई खुर्चीत बसून राहिल्या होत्या. पुढे काळाच्या ओघात बाकीच्या पेट्याही एकेक करून गेल्या, कुणी वायू गळून, कुणी वायरी थकून, आणि शेवटी एकच उरली.

त्या एकुलत्या डोळ्याला बाईंनी तळहातावरच्या फोडासारखे जपले. त्यांनी त्याला एक पापणी लावून घेतली. म्हणजे उजेडाची एक मर्यादा आखून दिली: तिच्यापलीकडे किरण आले की विजेचा दाब आपोआप उतरावा, पेटी निजावी, आणि खालून आज्ञा येईपर्यंत उठू नये. ही मर्यादा कुठे आखायची यावर पूर्वी वाद झाला, तेव्हा बाईंनी ती सर्वांत खाली आखून घेतली. कुणी फारसे आडवे आले नाही. बाईंच्या मायेपुढे आडवे येण्याची कुणाची छाती नव्हती.

आणि मग एका सकाळी डॉक्टर आली.

ही डॉक्टर औषधाची नव्हे, खगोलशास्त्राची. वयाने बाईंच्या मुलीएवढी, बोलण्यात झरझर, आणि तिचा सारा अभ्यास त्याच जोडीवर. कक्षातली मंडळी म्हणत, डॉक्टर आणि वैद्य एकाच रोग्यावर, आता तो वाचत नाही. प्रत्यक्षात दोघींचे गूळपीठ होते. डॉक्टर दारातूनच म्हणाली, "बाई, तुमची पेशंट जागी होतेय."

"कोण म्हणालं?"

"साध्या उजेडाच्या दुर्बिणींनी पाहिलंय. थोरलीची चकती फुगलीय. इतकी फुगलेली मी कागदावरही पाहिली नव्हती. आता धाकटी जवळ आली की—" तिने दोन्ही हातांनी काहीतरी प्रचंड उधळल्यासारखे केले.

बाईंचे डोळे भरून आले. पडसादांनी चष्मा पुसला. 

डॉक्टरला काय हवे होते ते सांगितले पाहिजे, कारण साऱ्या गोष्टीचा जीव त्यात आहे. धाकटी घेते तेव्हा घेतलेल्या भाराने तिची गिरकी वाढते, ठोके जलद होतात. भडक्याच्या शिखरावर ते किती जलद होतात हे मोजले, की तिच्या पदरात किती पडते, तिचा चुंबक किती बळकट, हे सारे उलगडते. पण त्यासाठी शिखराचा काळ सलग पाहायला हवा. मध्ये खंड पडला तर मधले ठोके किती गेले ते कळत नाही. मोजणी तुटते, आणि तुटलेली मोजणी कितीही चिकटवली तरी जुळत नाही. असा भडका पुन्हा कधी येईल कुणास ठाऊक. आणि तोवर हा डोळा राहील, असे म्हणण्याचे धाडस कुणापाशी नव्हते.

दुपारी कक्षप्रमुखांच्या खोलीत सगळे बसले. प्रमुख म्हणजे बोलताना पेन उघडझाप करणारे, कुणालाही न दुखावणारे गृहस्थ.

"मर्यादा वर न्यायला हवी," डॉक्टर म्हणाली. "आत्ता आहे ती फार खाली आहे. भडका अर्ध्यात येतोय तोच डोळा मिटेल."

"आणि वर नेली, आणि ठिणगी पडली तर?" बाईंनी विचारले.

"पडेलच असं नाही."

"मागच्या वेळीही पडेलच असं नव्हतं."

"बाई, ती पेटी वेगळी होती. हिच्यातला वायूही आता विरळ झालाय. हिशेबानं ही टिकायला हवी."

"हिशेब तुमचा चूक आहे असं मी म्हणत नाही, पोरी. पण तो डोळा एकच उरलाय. तो गेला तर ही जोडीच काय, काहीच दिसणार नाही. अर्ध्यापर्यंत तरी पाहू. मिटला तर पुन्हा उघडू. फेरी आली की उघडू. मिटला, उघडू. मिटला, उघडू. तुकडे मिळतील, पण डोळा राहील."

प्रमुखांनी पेन दोनदा वाजवले आणि म्हणाले, "त्या डोळ्याला बाईंइतकं कुणी ओळखत नाही. बाई म्हणतील तसं."

डॉक्टरने मान खाली घातली. तिला रागही आला नाही. बाईंवर रागावता येत नसे, हीच अडचण होती. बाहेर पडताना ती एवढेच म्हणाली, "तुकडे जुळवायचा प्रयत्न करते."

बाईंना आपण जिंकलो असे वाटले नाही. आजारी मुलाला खेळायला जाऊ न देणाऱ्या आईला वाटते तसे काहीसे वाटले.

भडका आला. धाकटी चकतीत शिरली आणि ठोके उमटू लागले, आधी पुसट, मग ठळक, मग असे की पडद्यावरची रेघ चौकटीबाहेर जाऊ पाहत होती. बाईंनी दोन बोटे ठेवली. कितीतरी वर्षांनी नाडी लागली होती. आणि ती लागते न लागते तोच उजेड मर्यादेवर चढला आणि डोळा मिटला.

पुढच्या फेरीत त्यांनी आज्ञा वाचली, "दाब चढव."

"दाब चढव," पडसाद म्हणाले.

डोळा उघडला. थोडे पाहिले. मिटला.

फेरीफेरीला हे होऊ लागले. मधल्या काळात डोळा मिटूनच राहतो हे पाहून बाईंचा जीव वरखाली होई. मग त्यांना एक युक्ती सुचली, आणि ती सुचल्याचा त्यांना अभिमानही वाटला. त्यांनी उपग्रहावरच आज्ञांची एक माळ चढवून ठेवली: उघड, मिटलास तर जरा थांब, पुन्हा उघड, पुन्हा मिटलास तर पुन्हा थांब. आता दुर्बीण पृथ्वीच्या पलीकडे असली तरी डोळा उघडत राहील, मिटत राहील, आणि डॉक्टरला चार तुकडे जास्त मिळतील. मायाही राहील, कामही होईल.

माळ चढवताना पडसादांनी प्रत्येक ओळ म्हटली. शेवटची ओळ म्हणून झाल्यावर ते घुटमळले. "बाई, एक विचारू?"

"विचारा ना, दादा."

"दाब चढवतो-उतरवतो तो स्विच. तो एवढ्या वेळा चालायचा म्हणून बनवला होता का?"

"स्विचला काय होतंय," बाई म्हणाल्या. "तो लोखंडी जीव. डोळा सांभाळायचा आहे."

पडसादांनी हेही परत म्हणायला हवे होते, असे त्यांना नंतर पुष्कळदा वाटले. पण ती आज्ञा नव्हती, म्हणून ते गप्प राहिले.

डॉक्टर रोज तुकडे घेऊन बसे. संध्याकाळी बाईंजवळ येऊन कागद पसरी. "हा एक तुकडा. हा दुसरा. यांच्यामध्ये किती ठोके गेले? मी एक मोजणी धरली तर गिरकी भराभर वाढतेय. दुसरी धरली तर हळूहळू. दोन्ही बसतात. खरी कुठली, सांगता येत नाही." तिचा आवाज चढत नव्हता, तो उतरत चालला होता, आणि ते बाईंना जास्त लागत होते.

घरी जेवणाच्या ताटावर बाईंचा घास हातातच राहू लागला. सासूबाईंनी आमटीचे भांडे पुढे सरकवले.

"पेशंट बरी नाही वाटतं?"

"पेशंट ठणठणीत आहे, आई. कधी नव्हती इतकी. मीच तिच्याकडे बघू देत नाहीये कुणाला."

"का बरं?"

"बघणारा डोळा दुखेल म्हणून."

सासूबाईंनी आपला घास खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मी माझी लग्नातली साडी अशीच ठेवली होती. घडी मोडायला जीव धजायचा नाही. तुझ्या लग्नात नेसायला काढली तर घडीघडीवर चिरलेली. नेसून कुणाची साडी एवढी फाटत नाही गं." आणि त्या पुन्हा जेवू लागल्या, जणू साडीचीच गोष्ट होती.

बाईंना झोप लागली नाही. सकाळी कक्षात येताच त्या थेट डॉक्टरच्या खोलीकडे गेल्या. शिखर अजून पुरते आले नव्हते. चढण चालू होती.

"मर्यादा वर नेऊ," त्या म्हणाल्या.

डॉक्टर उठून उभी राहिली. "नक्की?"

"नक्की नाही. पण नेऊ. मी वाचते."

फेरी आली. तबकडीने मान वळवली, कबुतरे उडाली. साऱ्या कक्षाचा जीव टांगणीला लागला होता. प्रमुख पेन खिशात ठेवून मागे उभे राहिले. बाईंनी आधी जुनी माळ उतरवली. मग वाचले, "मर्यादा वर." पडसादांनी म्हटले. उपग्रहाने होकार दिला. "दाब चढव." पडसादांनी म्हटले. उपग्रहाने होकार दिला. सगळ्यांच्या नजरा दाबाच्या आकड्यावर होत्या.

आकडा शून्यावरून हलला नाही.

"पुन्हा," डॉक्टर हलकेच म्हणाली.

"दाब चढव."

"दाब चढव."

शून्य.

उपग्रह हो म्हणत होता. आज्ञा कळली, आज्ञा पाळली, असे तो प्रामाणिकपणे सांगत होता. स्विचला हुकूम गेला होता आणि स्विच जागचा हलला नव्हता. उघडमीट करता करता, थांब आणि पुन्हा उघड करता करता, तो लोखंडी जीव झिजून गेला होता. डोळा शाबूत होता. आतला वायू शाबूत, केसाहून बारीक तारा शाबूत, एकही ठिणगी कधी पडली नव्हती. ज्याला जपले ते सुखरूप होते. ज्याच्याकडे ढुंकून पाहिले नाही, तेच हात टेकून बसले होते, आणि त्याच्याविना जपलेल्याचा काही उपयोग नव्हता.

फेरी संपली. तबकडी जागेवर आली.

मग जे काही करता येण्यासारखे होते ते सारे त्यांनी केले. राखीव स्विच होता, पण तो फार पूर्वीच मेला होता. उपग्रहाची कूस उन्हाकडे वळवून स्विचला ऊब दिली. आखडलेला सांधा शेकला तर सुटतो, तशी आशा. सुटला नाही. गार केले, पुन्हा शेकले. ज्यांनी तो बनवला होता त्यांतल्या एका म्हाताऱ्या तंत्रज्ञांना फोन लावला. ते बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "समोर असता तर बोटानं टिचकी मारली असती. चालला असता." पलीकडून त्यांचा उसासा ऐकू आला. एका टिचकीचे काम, आणि ती मारायला अख्ख्या जगात कुणाचे बोट पोहोचत नव्हते.

काय सांगावे त्या दिवसांचे. वर आकाशात थोरली आपले ओतत होती, धाकटी घेत होती, तो महाभडका शिखराला भिडला होता, आणि त्याच्या अगदी समोर, रोखून, तसूभर न ढळता, ती आज्ञाधारक दुर्बीण उभी होती, डोळा मिटून. उजेड येत होता आणि पेटीवर येऊन वाया जात होता. हजारो वर्षे चालून आलेला उजेड शेवटच्या पावलाशी येऊन थांबत होता. आणि खाली बाई. हात होते, पण पोहोचत नव्हते. वाणी होती, पण ऐकणारा ऐकूनही हलू शकत नव्हता. प्रार्थना होती, ती त्यांनी केली. आणि ती करताना त्यांना कळत होते, की जे घडते आहे असे आपण म्हणतो ते तिथे केव्हाच घडून गेले आहे. मागायचे तरी कुणासाठी? परमेश्वराने तिच्याबाबतीत काहीच उणे ठेवले नव्हते.

तरी प्रत्येक फेरीत त्या आज्ञा वाचीत. पडसाद म्हणत. उपग्रह हो म्हणे. आकडा शून्य.

"वय झालं होतं हो त्याचं," प्रमुख एकदा समजुतीने म्हणाले.

"वय झालं नव्हतं," बाई म्हणाल्या. "मी केलं."

 पडसाद खिडकीबाहेर पाहत राहिले.

धाकटी पुढे निघून गेली, चकती विरू लागली, भडका उतरणीला लागला. एका दुपारी डॉक्टर हातात एक कागद घेऊन आली आणि तो पाठीमागे धरून उभी राहिली. परदेशातल्या दुसऱ्याच मंडळींच्या एका नव्या फिरत्या दुर्बिणीने सारे शिखर सलग पाहिले होते. त्यांनी मोजणी पाठवली होती.

"बघायचं का?" तिने विचारले. "नसेल बघायचं तर नको."

 बाईंचे मन आतून खात होते. आपल्या पेशंटची नाडी दुसऱ्याने पाहिली, याचे दुःख नव्हते असे म्हणणे खोटे होईल. मग त्यांनी हात पुढे केला.

कागदावर ठोक्यांची रेघ होती. प्रत्येक ठोक्यात बाईंच्या ओळखीचा उंचवटा, त्यामागून येणारा दुसरा, ठेंगणा. पण त्या दोहोंच्या मधली दरी भरून आली होती, आणि ठोके असे दाटीने उभे होते, की जणू कुणी धावत सुटले आहे आणि थांबणे विसरले आहे. बाई बघत राहिल्या. त्यांनी त्या रेघेवर बोटे ठेवली नाहीत.

"गिरकी किती वाढली?"

"मी दोन मोजण्या धरल्या होत्या ना, त्या दोन्हींपेक्षा जास्त." डॉक्टरच्या आवाजात आनंद होता आणि तो तिला लपवता येत नव्हता, आणि बाईंसमोर तो वाटून तिला अपराधीही वाटत होते. "बाई, असं कुणी पाहिलंच नव्हतं."

"तू आनंदी हो गं. माझ्याकडे बघून तोंड पाडू नकोस." थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "त्यांचा डोळा कसा आहे? नवा आहे?"

"नवाकोरा. मागच्या वर्षी वर गेलाय. मी आज त्यांना उत्तर लिहितेय. त्यांनी विचारलंय, पुढे पुन्हा इतका उजेड आला तर तो उघडा ठेवावा की मर्यादा खाली घ्यावी. तुमचा अनुभव मोठा, म्हणून तुम्हालाच विचारलंय, नावानिशी. काय लिहू?"

"त्यांना म्हणावं, सांभाळा—" बाई म्हणाल्या, आणि थांबल्या.

डॉक्टर लिहायला पेन धरून उभी होती. पडसादांनीही मान वळवली.

"नको," बाई म्हणाल्या. "तसं लिहू नकोस. बघू दे त्यांना."

"एवढंच?"

"एवढंच. आणि स्विच किती वेळा चालला ते लिहून पाठव. माझ्या नावानिशी."

डॉक्टर गेली. बाईंनी चष्मा काढला, पदराने काचा पुसल्या, पुन्हा लावला. मग खुर्ची पुढे ओढली आणि फेरीची वाट पाहू लागल्या.